अपडेट झालं आणि निळा स्क्रीन आला? थांबा, लगेच फॉरमॅट मारू नका

एप्रिल महिना, लग्नाचा सीझन ऐन भरात, आणि बुधवारी सकाळी साडेनऊला बेळगावच्या शहापूरहून एका प्रेसवाल्या काकांचा फोन आला. "अरे, लॅपटॉप चालू केलो तर सगळं निळं आलंय की रे. रात्री अपडेट अपडेट म्हणून दाखवालालं होतं, मी कायबी केलो नाही, तसंच सोडून घरी गेलो. आता शेजारचा पोरगा म्हणालाय हार्डडिस्क गेली, फॉरमॅट मारायला लागतंय." काकांच्याकडं लग्नपत्रिका छापतात, एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला कन्नड, कारण मुलगी खानापूरची आणि मुलगा बैलहोंगलचा असली लग्नं आपल्याकडं होतच असतात. त्या दिवशी दोन पत्रिकांची डिझाइनं त्याच लॅपटॉपात पडून होती, प्रूफ पास झालेलं, फक्त प्लेट काढायची बाकी. बॅकअप म्हणून जो पेनड्राइव्ह होता त्यात मागच्या दिवाळीपर्यंतचंच काम होतं.

मी म्हटलं, "काका, कायबी दाबू नका, तसाच ठेवा, मी येतो."

हे असले फोन मला बऱ्याचदा बुधवारी नाहीतर गुरुवारीच येतात आणि त्याला कारण आहे. मायक्रोसॉफ्ट आपलं महिन्याचं सिक्युरिटी अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी सोडतं, २००३ च्या ऑक्टोबरपासून हा रिवाज चालू आहे. तिकडं अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजलेले असतात तेव्हा आपल्याकडं रात्रीचे साडेदहा (थंडीत साडेअकरा, कारण ते लोक घड्याळ मागं घेतात). म्हणजे आपण जेवून झोपायच्या तयारीत असतो तेव्हा अपडेट यायला लागतं, आणि सकाळी दुकान उघडलं की जे काय व्हायचं ते झालेलं असतं.

आता मुळात घोळ काय होतो ते नीट समजून घेऊया, कारण हे एकदा डोक्यात बसलं की निळा स्क्रीन बघून हातपाय गळत नाहीत.

ड्रायव्हर म्हणजे काय? माझी आजी येळ्ळूरची. तिला कन्नड वाचता येत नाही, आणि ऑफिसात अर्ज द्यायचा तो कन्नडमध्ये. मग गल्लीतले एक अण्णा होते, दोन्ही भाषा तोंडपाठ, ते तिच्याबरोबर जायचे. आजी मराठीत सांगणार, अण्णा कन्नडमध्ये लिहिणार, साहेब कन्नडमध्ये विचारणार, अण्णा मराठीत सांगणार. ड्रायव्हरचं काम तेवढंच असतं. विंडोजला एकच भाषा येते, "अमुक फाइल दे, तमुक फाइल ठेव". डिस्क ज्या कंट्रोलरला (म्हणजे डिस्क सांभाळणाऱ्या चिपला) जोडलीय त्या कंट्रोलरची भाषा वेगळी असते. जुनी साटा डिस्क असेल तर एक भाषा, नवीन चपटी एनव्हीएमई एसएसडी असेल तर दुसरी, इंटेलचं रेड किंवा व्हीएमडी (डिस्क सांभाळायच्या वेगळ्या पद्धती, बायोसमधून चालू-बंद होतात) चालू असेल तर तिसरीच. मधला दुभाषा म्हणजे स्टोरेज ड्रायव्हर.

आता समजा ऑफिसात नवीन नियम आला की बाहेरच्या माणसाला शिक्का मारलेलं ओळखपत्र असल्याशिवाय आत सोडायचं नाही. नियम चांगलाच आहे, दलाल घुसून लोकांना फसवत होते म्हणून आणलाय. पण आपले अण्णा गेटवरच अडकले, त्यांच्याकडं जुनं ओळखपत्र. आजी ठणठणीत, साहेब जागेवर, कागद पिशवीत जसाच्या तसा, फक्त काम ठप्प. निळ्या स्क्रीनवर इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस असं येतं ना, जुनी माणसं ज्याला सेव्हन-बी म्हणतात, त्याचा अर्थ एवढाच असतो. "ज्या डिस्कवरून मला सुरू व्हायचंय तिथपर्यंत मी पोचू शकत नाही." डिस्क मेली असं त्यात कुठंही लिहिलेलं नसतं. डिस्क खरंच गेलेली असली तरीही हाच मेसेज येऊ शकतो, ते मान्य, पण बहुतेक लोक तिथूनच सुरुवात करतात आणि तिथंच नुकसान होतं.

मग लोक विचारतात, प्रिंटरचा ड्रायव्हर बिघडला तर फक्त प्रिंट येत नाही, बाकी कॉम्प्युटर चालतोय, मग डिस्कचा बिघडला तर सगळंच का बंद पडतं? हा प्रश्न खरा मोलाचा आहे, म्हणून इथं जरा थांबूया.

बघा, डिस्क वाचायला ड्रायव्हर पाहिजे. पण ड्रायव्हर ही पण शेवटी एक फाइलच, आणि ती कुठं ठेवलीय? डिस्कवर. म्हणजे कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून कपाट लावल्यासारखं झालं. मग कॉम्प्युटर रोज सुरू तरी कसा होतो? तर मदरबोर्डवर एका छोट्या चिपमध्ये स्वतःचं प्रोग्रॅमिंग असतं, आपण त्याला बायोस म्हणतो (नवीन मशीनवर यूईएफआय). या बायोसला डिस्क वाचण्यापुरती जुजबी भाषा येत असते. बटण दाबलं की तो डिस्कवरचा बूटलोडर उचलतो, बूटलोडर बायोसच्याच मदतीनं विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नल, आणि त्याच्याबरोबर "हे सुरुवातीलाच लागणार" अशी खूण केलेले सगळे ड्रायव्हर रॅममध्ये आणून ठेवतो. एवढं झालं की बायोस बाजूला होतो आणि म्हणतो आता तुझं तू बघ. त्या क्षणापासून विंडोजला आपल्या स्वतःच्या ड्रायव्हरनं डिस्क वाचावी लागते.

सगळा खेळ त्या हस्तांतराच्या क्षणाचा आहे. म्हणूनच कंपनीचा लोगो नीट येतो, खाली गोल ठिपके दोन-चार फेऱ्या मारतात, आणि मग फटकन निळं होतं. लोगो येईपर्यंत बायोस वाचत होता, ठिपके फिरताना विंडोजनं हातात घेतलं, आणि ड्रायव्हर रॅममध्ये नव्हता, किंवा होता पण नवीन कर्नलशी जमेना, किंवा सहीच खोटी म्हणून त्याला आत घेतलंच नाही, किंवा ड्रायव्हर एका भाषेचा आणि कंट्रोलर आता दुसरीच भाषा बोलतोय. यातलं काहीही झालं तरी समोर दिसतो तो एकच निळा स्क्रीन. पण मला विचाराल तर ठिपक्यांपर्यंत गाडी गेली ही चांगली खूण आहे, कारण तोवर बायोसनं त्याच डिस्कवरून बरंच काही वाचलेलं असतं.

आता सिक्युरिटी अपडेटचा आणि डिस्कच्या ड्रायव्हरचा संबंध काय? अपडेट तर व्हायरसपासून वाचवायला असतं. संबंध असा, की ड्रायव्हर कर्नलच्या अगदी आतल्या खोलीत बसून काम करतो, तिथं त्याला सगळे अधिकार असतात, आणि चोरालाही तीच खोली पाहिजे असते. म्हणून सिक्युरिटीवाले दुरुस्त्या करतात त्या पण तिथंच. भिंत हलवली की भिंतीला टेकवलेलं कपाट पण हलणारच.

२०१८ च्या जानेवारीचं उदाहरण घ्या. मेल्टडाउन आणि स्पेक्टर म्हणून प्रोसेसरमधलेच दोष बाहेर आले, नुसती एखादी फाइल बदलून जाणारे नव्हते, त्यामुळं कर्नल आपली मेमरी कशी मांडतो तीच पद्धत बदलावी लागली. घाईनं अपडेट निघालं आणि एएमडीचे काही जुने प्रोसेसर असलेली मशीनं सुरूच होईनात, मायक्रोसॉफ्टला त्या मशीनांसाठी अपडेट काही दिवस थांबवावं लागलं. त्याच वेळी काही अँटीव्हायरस कर्नलच्या मेमरीत असल्या ठिकाणी हात घालत होते की जिथं घालायची परवानगीच नव्हती, नवीन मांडणीत ते आपटले आणि निळे स्क्रीन आले. मग मायक्रोसॉफ्टनं अट घातली की अँटीव्हायरस कंपनीनं "आम्ही जुळवून घेतलंय" अशी नोंद रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या वहीत) टाकल्याशिवाय अपडेट द्यायचंच नाही.

दुसरं कारण सहीचं. चौसष्ट बिटच्या विंडोजमध्ये कर्नलमध्ये जाणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरवर डिजिटल सही लागते. या सहीची जुनी पद्धत, शा-वन, कमजोर ठरली म्हणून २०१९ मध्ये विंडोज सेव्हनच्या अपडेटसाठी पण शा-टू सक्तीची केली. आपल्याकडं उद्यमबागमध्ये कितीतरी वर्कशॉपात तेव्हा विंडोज सेव्हनच होती, अजूनही काही मशीनवर आहे. ज्यांनी आधीची अपडेटं घेतली नव्हती त्यांच्या विंडोजला नवीन सही वाचताच येईना, आणि नवीन सहीचा ड्रायव्हर टाकला की "डिजिटल सिग्नेचर पडताळता येत नाही". विंडोज सेव्हनचा सपोर्ट तर १४ जानेवारी २०२० लाच संपला. त्याशिवाय आता विंडोज अकरामध्ये धोकादायक ठरलेल्या ड्रायव्हरांची एक काळी यादी असते, २२एच२ या आवृत्तीपासून ती आपोआप चालू असते. ड्रायव्हर काल चालत होता, आज यादीत नाव आलं, उद्या बंद.

तिसरं कारण लोकांच्या सहसा लक्षात येत नाही. विंडोज आणि डिस्कच्या मधे ड्रायव्हर एकच नसतो, रांग असते. अँटीव्हायरस स्वतःचा एक माणूस त्या रांगेत उभा करतो, बॅकअपचं सॉफ्टवेअर एक करतं, फाइलींना कुलूप लावणारं सॉफ्टवेअर अजून एक. त्यातला एक जरी कोसळला तरी मागचं सगळं अडतं. जुना अँटीव्हायरस अर्धवट काढलेला असला, म्हणजे फाइल गेली पण रजिस्ट्रीत नाव तसंच राहिलं, तर विंडोज त्या नसलेल्या माणसाला हाका मारत बसतं आणि निळं होतं. दोन-दोन अँटीव्हायरस घातलेले लॅपटॉप माझ्याकडं येतात तेव्हा मी आधी तिथंच बघतो.

चौथं कारण म्हणजे अपडेट अर्धवट राहणं. "बंद करू नका" असं दाखवत असताना लाईट जाते, यूपीएसची बॅटरी दोन वर्षं बदललेली नसते, आणि निम्म्या फाइली नवीन, निम्म्या जुन्या. वळवाच्या दिवसांत तर हे ठरलेलंच. आणि कधी कधी चूक सरळ पाठवणाऱ्याचीच असते. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये ऑफिसातल्या सर्व्हरमार्फत वाटली जाणारी दोन अपडेटं, एक पूर्ण आणि एक फरकापुरतं, चुकून एकत्र गेली आणि दोन्ही एकाच मशीनवर बसली की हाच इनअॅक्सेसिबल बूट डिव्हाइस.

मोठ्या आवृत्तीच्या अपडेटमध्ये तर हे जास्तच होतं. २०१९ मध्ये इंटेलच्या रॅपिड स्टोरेज ड्रायव्हरच्या १५.१ पासून १५.५.२ पर्यंतच्या काही आवृत्त्या विंडोज दहाच्या नवीन आवृत्तीशी जमत नव्हत्या, म्हणून मायक्रोसॉफ्टनं तसल्या मशीनला अपडेट दाखवायचंच बंद केलं होतं. लोक म्हणायचे आम्हाला अपडेट का येत नाही, आणि ते न येणंच बरं होतं. २०२४ मध्ये विंडोज अकराचं २४एच२ आलं तेव्हा वेस्टर्न डिजिटलच्या काही स्वस्त एसएसडींवर, एसएन७७० आणि एसएन५८० च्या दोन टीबीवाल्या, निळे स्क्रीन यायला लागले. या एसएसडींना स्वतःची रॅम नसते, त्या कॉम्प्युटरची थोडी रॅम उसनी घेतात. आधी विंडोज चौसष्ट एमबी देत होतं, नवीन आवृत्तीत दोनशे द्यायला लागलं आणि एसएसडीच्या फर्मवेअरला, म्हणजे तिच्या आतल्या प्रोग्रॅमला, ते पेललं नाही. कंपनीनं फर्मवेअर दिलं, ते टाकल्यावर प्रश्न मिटला. बघा, इथं डिस्क खराब नाही, ड्रायव्हर पण तसा खराब नाही, दोघांचं आपसातलं बोलणं चुकलं.

अफवा पण भरपूर असतात. २०२५ च्या ऑगस्टचं अपडेट एसएसडी जाळतंय म्हणून सगळीकडं ओरड झाली, आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पण मेसेज फिरला. कंट्रोलर बनवणाऱ्या फिसननं हजारो तास टेस्ट करून आणि मायक्रोसॉफ्टनं पण तपासून सांगितलं की त्या अपडेटचा आणि एसएसडी जाण्याचा संबंध सापडला नाही. पण तोवर कितीतरी लोकांनी अपडेट कायमचं बंद करून टाकलेलं.

आणि तेच मला नको वाटतं, मनापासून सांगतो. वॉनाक्राय आठवतंय? १२ मे २०१७. फाइली कुलूपबंद आणि पैसे द्या म्हणून लाल खिडकी. त्याच्यावरचं अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलं होतं, म्हणजे दोन महिने हातात होते. निळा स्क्रीन आला तर फाइली बहुतेक वेळा परत मिळतात, असल्या व्हायरसनं गिळल्या तर मिळत नाहीत. म्हणून अपडेट घ्या, पण तयारीनं घ्या.

बरं, काकांचं काय झालं ते सांगतो. गेलो, लॅपटॉप पूर्ण बंद केला, चालू करताना एफ-टू दाबत बायोसमध्ये शिरलो. तिथं एसएसडीचं नाव स्वच्छ दिसत होतं. काकांना म्हटलं, "ही बघा तुमची डिस्क, जिवंत हाय." मग एक गोष्ट खटकली. बायोसच्या आवृत्तीपुढची तारीख नवीन होती. आजकाल विंडोज अपडेटबरोबर लॅपटॉपच्या कंपनीचं बायोस अपडेट पण आपोआप येतं, तसंच आदल्या रात्री आलेलं, आणि त्यानं सगळ्या सेटिंग पहिल्यासारख्या करून टाकलेल्या. त्यात होतं व्हीएमडी, ते चालू झालेलं.

इंटेलच्या अकराव्या जनरेशनपासून बऱ्याच लॅपटॉपात हे व्हीएमडी कंपनीतूनच चालू असतं. ते चालू असलं की विंडोज दहा टाकताना डिस्कच दिसत नाही, वेगळा ड्रायव्हर द्यावा लागतो. काकांच्या मशीनवर ज्यानं विंडोज टाकली होती त्यानं ड्रायव्हर शोधत बसण्यापेक्षा व्हीएमडीच बंद केलं आणि विंडोज टाकून दिली. चुकीचं नाही ते, मी पण कधी कधी करतो. पण त्यामुळं त्या विंडोजला व्हीएमडीची भाषा येतच नव्हती. बायोस अपडेटनं ते परत चालू केलं, आणि सकाळी विंडोज उठून बघतंय तर समोर अनोळखी भाषा. मी व्हीएमडी बंद केलं, एफ-टेन दाबून सेव्ह केलं, रीस्टार्ट. ठिपके फिरले, आणि कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधली पत्रिका जिथं सोडली होती तिथंच, गणपती वर आणि कन्नड मजकूर उजव्या बाजूला.

सगळे मिळून पाच मिनिटं पण लागली नाहीत. आणि फॉरमॅट मारायला बसले असते तर काय झालं असतं बघा, इन्स्टॉलरला पण व्हीएमडीमुळं डिस्क दिसली नसती, मग "बघा, डिस्कच दिसत नाही, गेलीच की" म्हणून नवीन एसएसडी घालायला लावली असती.

असाच एक प्रकार जुन्या डेस्कटॉपवर होतो. मदरबोर्डवर रुपयाच्या नाण्याएवढा गोल सेल असतो, सीआर २०३२, घड्याळाच्या दुकानात पण मिळतो. तो संपला आणि लाईट गेली की बायोस सगळं विसरतो. एका वर्कशॉपात अपडेटच्या दुसऱ्या दिवशी मशीन निळं पडलं, सगळे अपडेटला दोष देत होते, आणि बायोसमध्ये बघितलं तर तारीख २०१२ ची. साटाचा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, एएचसीआय होता तो परत जुना आयडीई झालेला. सेल बदलला, मोड बदलला, झालं. अपडेटची चूक एवढीच की त्याच्यासाठी मशीन बंद-चालू झालं. म्हणून सांगतो, अपडेटनंतर घडलं म्हणजे अपडेटनंच घडलं असं धरून चालू नका, आधी बायोसमधली तारीख बघा.

तर तुमच्यावर ही वेळ आली तर पहिलं काम म्हणजे मोबाइलनं त्या निळ्या स्क्रीनचा फोटो काढा, तळाशी जे इंग्रजी शब्द असतात ते महत्त्वाचे. मग पेनड्राइव्ह, बाहेरची हार्डडिस्क, डोंगल, सगळं काढून एकदा चालू करून बघा. मग बायोस. डिस्कचं नाव तिथंच दिसत नसेल तर मात्र केबल, स्लॉट किंवा खरंच डिस्क, आणि तिथं जाणकार माणूसच लागतो. नाव दिसत असेल तर घाबरू नका, पुढं जाऊया.

विंडोज दोन-तीनदा सुरू होता होता पडली की आपणहून दुरुस्तीचा स्क्रीन दाखवते. नाही दाखवला तर ठिपके फिरत असताना पॉवर बटण दाबून धरून बंद करा, असं दोनदा केलं की तिसऱ्यांदा येतो. तिथं ट्रबलशूट, मग अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, मग अनइन्स्टॉल अपडेट्स, आणि त्यात लेटेस्ट क्वालिटी अपडेट. कालचं सिक्युरिटी अपडेट तेच. बऱ्याच मशीन एवढ्यावर उठतात. सही चालत नाही असं म्हणत असेल तर तिथंच स्टार्टअप सेटिंगमध्ये एफ-सेव्हन दाबून एका वेळेपुरती सहीची सक्ती उठवता येते, पण ते फक्त आत शिरून नवीन ड्रायव्हर टाकण्यापुरतं, रोजचं औषध नव्हे. बायोसचा मोड मुद्दाम बदलायचा असेल, समजा रेडवरून एएचसीआयवर, तर सेफ मोडमधून एकदा चालू केलं की विंडोज आपल्याकडचे साधे ड्रायव्हर हजर करून बघते आणि बऱ्याचदा जुळवून घेते.

एक गोष्ट इथं फसवते. दुरुस्तीच्या स्क्रीनमधून फाइली बघायला गेलं की सी ड्राइव्ह कधी रिकामा दिसतो, कधी दिसतच नाही. त्या स्क्रीनमध्ये अक्षरं बदलतात, तुमचा सी तिथं डी नाहीतर ई असू शकतो, सगळी बघा. आणि एकही दिसत नसेल तर त्या दुरुस्तीच्या विंडोजकडं पण तोच ड्रायव्हर नाहीये, एवढाच अर्थ. तिथं पण ड्रायव्हर पेनड्राइव्हवरून द्यावा लागतो.

विंडोजच्या जागी उबंटू लिनक्स वापरणाऱ्यांचं जरा बरं असतं. कर्नल अपडेट झाल्यावर बाहेरचं मॉड्यूल, म्हणजे तिकडचा ड्रायव्हर, नवीन कर्नलसाठी तयार झालं नाही तर मशीन अडतं, पण जुना कर्नल तसाच ठेवलेला असतो, सुरुवातीच्या मेनूमधून तो निवडायचा आणि काम चालू.

तयारी म्हणाल तर फार नाही. आज मशीन नीट चालतंय तोवर बायोसमध्ये जाऊन साटाचा मोड, व्हीएमडी, सिक्युअर बूट या पानांचे मोबाइलनं फोटो काढा. काकांनी तर लॅपटॉपच्या खालच्या बाजूला स्टिकरच लावलंय, "व्हीएमडी बंद ठेवणे", मराठीत आणि कन्नडमध्ये, कामाला येणारा पोरगा गोकाकचा आहे म्हणून. लॅपटॉपच्या कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा स्टोरेज ड्रायव्हर उतरवून एका पेनड्राइव्हवर ठेवा. ज्यांचं पोट मशीनवर आहे त्यांनी विंडोजमध्ये अपडेट आठवडाभर पॉज करा, पाच आठवड्यांपर्यंत करता येतं, पण आठ-दहा दिवस पुरेत, तेवढ्यात मोठा घोळ असेल तर जगभर ओरड होते आणि दुरुस्ती पण येते. ऑर्डर द्यायच्या आदल्या रात्री अपडेट नको. आणि अपडेट लावलं की यूपीएस चालतोय का बघूनच. विंडोज दहावाल्यांनी लक्षात ठेवा, तिचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, घरगुती मशीनला वाढीव अपडेट नोंदणी केली तर ऑक्टोबर २०२६ पर्यंत मिळतं.

आणि बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप. हे सगळ्यात महत्त्वाचं आणि याच्याकडंच कुणी बघत नाही. नवीन विंडोज अकराच्या लॅपटॉपात मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटनं शिरलं की बऱ्याचदा डिस्क आपोआप कुलूपबंद होते. रोज ते कळत पण नाही. पण बायोस बदललं, सेटिंग हलली, की चालू होताना अठ्ठेचाळीस आकडी किल्ली मागतो. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या सिक्युरिटी कंपनीच्या एका फाइलनं जगभरातली पंच्याऐंशी लाख विंडोज मशीनं पाडली, ते विंडोजचं अपडेट नव्हतं आणि डिस्कचा ड्रायव्हर पण नव्हता, पण दुखणं त्याच आतल्या खोलीतलं. आपल्या विमानतळांवर तेव्हा हातानं बोर्डिंग पास लिहून दिले. दुरुस्ती तशी सोपी होती, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढायची, पण सेफ मोडमध्ये जायला किल्ली पाहिजे आणि कितीतरी ठिकाणी ती हाताशी नव्हती.

मागच्या वर्षी निपाणीहून एक ताई लॅपटॉप घेऊन आल्या होत्या, पीएचडीचं काम त्यात, तीन वर्षांचं. अपडेटनंतर किल्ली मागत होता. डिस्क चांगली, ड्रायव्हर चांगला, सगळं जागेवर. लॅपटॉप पहिल्यांदा चालू करून दिला होता दुकानातल्या माणसानं, कुठल्यातरी मेल आयडीनं, तो आयडी ना ताईंना माहीत, ना त्या माणसाला आठवत. ताईंचे होते नव्हते ते सगळे मेल आयडी टाकून बघितले, किल्ली कशातच नव्हती. इतक्या मशीन बघितल्या पण त्या दिवशी मला लॅपटॉप तसाच परत द्यावा लागला. म्हणून आज संध्याकाळी घरी गेलात की सेटिंगमध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू आहे का बघा, असेल तर मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटच्या पानावर रिकव्हरी की म्हणून ते अठ्ठेचाळीस आकडे असतात, ते कागदावर उतरवा, दोनदा ताडून बघा, आणि तो कागद घरातल्या रेशनकार्डाच्या, उताऱ्याच्या फायलीत ठेवून द्या, लॅपटॉपच्या बॅगेत नको.